बुजगावण्याचा कोट

झाडाला मिठी मारलेली असताना कुणाशी ओळख व्हावी, ही काही शोभेची वेळ नव्हे. पण तिच्या नशिबात तेच होतं, त्याला ती तरी काय करणार?

टेकडीच्या वळणावर एक म्हातारं झाड होतं, अख्ख्या जंगलात सगळ्यात जाड. तिच्या कामाशी त्याचा काही संबंध नव्हता, त्याचा घेर कुणी मागितलेलाही नव्हता. पण नव्या नोकरीचा पहिला दिवस, गळ्यात कोरा टेप, काखेत मापाची कोरी काठी... राहवेना तिला. टेपचं एक टोक डाव्या हातात धरून तिनं सालीला गाल टेकवला आणि उजवा हात बुंध्याभोवती पाठवून दिला. हात अर्ध्यावर जाऊन थांबला. चवड्यांवर उभी राहिली, श्वास सोडून पोट आत घेतलं, तरी काही फरक नाही.

"टेप इकडे सरकवा," झाड म्हणालं.

ती इतकी दचकली की तिनं टेप खरंच सरकवला. पलीकडून तो कुणीतरी ओढून घेतला, आणि बुंध्याला वळसा घालून आधी लाल रंगानं माखलेली चार बोटं आली, मग बाही, आणि मग उरलेला माणूस. तो उरलेला माणूस वर वर जातच राहिला. त्याचा चेहरा बघायला तिला टोपी हातानं धरावी लागली.

"मी मापाचं काम करते," ती म्हणाली. गालाला साल चिकटलेली असताना याहून रुबाबात बोलणं शक्य नव्हतं.

"मला वाटलं, झाड रडतंय आणि तुम्ही समजूत काढताय." तो हसला नाही, पण डोळ्यांत काहीतरी लकाकलं. "गालाला रंग लागला तुमच्या. टेपवरून आला. लाल निशाण म्हणजे काय, ठाऊक आहे ना?"

"काय?"

"ते झाड आम्ही घेऊन जातो."

पुढचा अर्धा दिवस ती रुमालानं गाल घासत राहिली, आणि उत्तर सुचलं ते जेवताना, म्हणजे काहीच उपयोग नसताना.

तो निशाणवाला होता. दाट जंगलात झाडं एकमेकांच्या अंगावर चढतात, वर उजेडासाठी ढकलाढकली करतात आणि सगळीच काडीसारखी राहतात. म्हणून मधली काही काढून बाकीच्यांना जागा करून द्यायची. याला म्हणतात विरळणी. कोणतं झाड जाणार, हे निशाणवाला ठरवतो. त्यानं लाल ठिपका दिला की करवत येते. त्याचं नाव कुणी घेत नसे. सगळे त्याला शिडी म्हणत.

तिचं काम त्याच्याच कामाचा हिशेब तपासण्याचं. पाच वर्षांपूर्वी टेकडीवर शेजारी शेजारी दोन तुकडे आखले होते. एकात विरळणी केली, दुसरा तसाच राहू दिला, आणि दोन्हींतल्या झाडांचे घेर मोजून ठेवले. आता तीच झाडं पुन्हा मोजायची आणि बघायचं, विरळणीनं खरंच काही साधलं का. एवढ्यावर पुष्कळ अवलंबून होतं. महिनाअखेरीला समिती येणार होती. विरळणीचा फायदा दिसला, तर टेकडी उभी राहणार आणि मोजायला तिची नेमणूक इथंच कायम होणार. नाही दिसला, तर साफतोड. म्हणजे सगळं एकदम कापायचं आणि नव्यानं रोपं लावायची. मग मोजायचं काय, डोंबल? तिनं सामान बांधायचं आणि निघायचं.

आणि निघायचं तिच्या जिवावर यायला लागलं होतं, तेही पहिल्या आठवड्यातच.

त्याला कारणं होती. एक म्हणजे तिची खोली. शिडीची थोरली बहीण जंगलखात्याची रोपवाटिका सांभाळायची. सगळे तिला ताईच म्हणत. तिच्या घराची वरची खोली हिला मिळाली होती. खिडकीतून खाली वाफे दिसत, आणि वाफ्यांच्या मधोमध जुना कोट घालून उभं असलेलं बुजगावणं. ताईचा स्वभाव असा की भाडेकरणीला जेवायला बोलवायची नाही, सरळ ताट वाढूनच हाक मारायची. दुसरं कारण ऑफिसच्या हुकमानं रोज सकाळी दाराशी येऊन उभं राहायचं, एका हातात रंगाचा डबा घेऊन, चौकटीखाली मान वाकवून.

झाडाचा घेर कुठेही घेऊन चालत नाही. खाली बुंधा जाड, वर बारीक. म्हणून जमिनीपासून एका ठरलेल्या उंचीवर, साधारण माणसाच्या छातीशी, टेप लावायचा. त्यासाठी काठी. ती काठी उभी केली की हिच्या भुवईला लागायची. पहिल्याच दिवशी शिडीनं ते पाहिलं आणि हिचं नाव फूटपट्टी पडलं.

"मला नाव आहे," ती म्हणाली.

"मलाही आहे. कुणी विचारलंय?"

काठी लावायची तिनं, टेप फिरवायचा त्यानं, आकडा वाचायचा तिनं. टेप फिरवताना त्याचे हात तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे यायचे आणि बुंध्यापलीकडे एकमेकांना भेटायचे, आणि मधल्या एवढ्याशा जागेत ती आणि झाड. आकडा वाचायला तिला जरा जास्तच वेळ लागतो, हे दोघांच्याही लक्षात आलं होतं. धुकं उतरलं की पानांवरून थेंब पडत, तिच्या मानेवर पडत, आणि तो आपली रुंद टोपी तिच्या डोक्यावर ठेवायचा. ती टोपी तिच्या नाकापर्यंत यायची.

निशाण कसं ठरवता, असं तिनं एकदा विचारलं. तो म्हणाला, "मी खाली बघतच नाही. वर बघतो. कुणाला आभाळ मिळत नाहीये, ते शोधायचं. मग त्याच्या वाटेत कोण उभं आहे, ते बघायचं. जो वाटेत, त्याला रंग."

"आणि वाटेतलं झाडही चांगलं असलं तर?"

"तर दोन दिवस जेवण जात नाही. विचार ताईला."

विचार, म्हणाला तो. विचारा नाही. तिनं ते ऐकलं, जपून ठेवलं आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. म्हणजे तिला तसं वाटलं. ताईनं रात्री वाढताना विचारलं की आज एकटीच का हसतेस, तेव्हा कळलं की चेहरा तिच्या ताब्यात नव्हता.

विरळणीच्या तुकड्याचे आकडे पुरे झाले आणि ती हरखून गेली. झाडं नुसती वाढली नव्हती, फुगली होती. तिला इथं पाठवणाऱ्या शहरातल्या सरांना तिनं फोन केला. सर एरवी चांगलं झालं तरी 'हं' म्हणणारे, तेही म्हणाले की समिती खूश होणार, आता दुसरा तुकडा उरकून टाक. शिडीला सांगितलं तर त्यानं रंगाचा डबा खाली ठेवला आणि शेजारच्या झाडाच्या पाठीवर थाप मारली, घरच्या पोरानं परीक्षेत नंबर काढल्यासारखी. "मग राहणार तू," तो म्हणाला. प्रश्न होता की काय, ते कळलं नाही, म्हणून तिनं उत्तर दिलं नाही. पण उत्तर तिच्या सगळ्या अंगभर होतं.

मग दुसरा तुकडा मोजायला घेतला, आणि तिसऱ्या-चौथ्या झाडाशीच तिचा हात थबकला.

हा तुकडा करवतीनं न शिवलेला. इथं झाडांना जागा नव्हती, उजेड नव्हता. ही झाडं जेमतेम वाढलेली असायला हवी होती. पण टेप सांगत होता की हीही फुगलीत. पलीकडच्यांइतकी नाही, पण फुगलीत. सावलीत उपाशी उभं असलेलं झाड अंग धरेलच कसं? कुठंतरी पाणी मुरत होतं.

संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात तिघं जेवायला बसली, तेव्हा तिनं सहज विचारावं तसं विचारलं, की पाच वर्षांपूर्वी ही मापं कुणी घेतली होती.

"मीच," शिडी म्हणाला. "तेव्हाचे संशोधक आकडे लिहायचे, टेप माझ्याकडे."

"आणि काठी?"

तो हसायला लागला. काठी पहिल्याच सकाळी ओढ्यात पडली, म्हणाला. तिच्यामागे तोही उडी मारून पडला. काठी गेली वाहून, हा नाकातोंडात पाणी जाऊन परत आला. पण काठी ओढ्यात पडायच्या आधी त्यानं ती अंगाशी धरून पाहिली होती, ती बरोबर कोटाच्या वरून दुसऱ्या बटणाला लागायची. मग काय, नवी काठी कशाला? दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक झाडाला कोट घालून खेटून उभं राहायचं आणि दुसऱ्या बटणाशी टेप लावायचा. आपल्या या युक्तीचा त्याला आजही अभिमान होता, ते दिसतच होतं.

तिच्याही जिवात जीव आला. बटण तर बटण, उंची तीच असली म्हणजे झालं.

"तो कोट ना," ताई पोळपाट पुसत म्हणाली, "त्या संध्याकाळी भिजून आला होता हा, शिंकून शिंकून जीव घेतला माझा. गळा उघडा टाकतो आणि मग आजारी पडतो. म्हणून रातोरात गळ्याशी एक बटण जास्तीचं लावून दिलं मी. नंतर नाही शिंकला."

शिडीचा हात घासाशी थांबला. त्यानं नकळत आपल्या छातीवर बोट ठेवलं, मग एक बटण वर, मग परत खाली. गळ्याशी एक वाढलं, म्हणजे ज्याला तो दुसरं समजत होता ते आधीचं पहिलं. वितीला थोडी कमी एवढी जास्त उंची. म्हणजे तेव्हाचे सगळे घेर वरचे, बारीक, आणि आत्ताचे खालचे, जाड. झाडं फुगली नव्हती. बटण सरकलं होतं.

ताईला समजावून सांगायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. मग थोड्या वेळानं हळूच म्हणाली की एका बटणाचा एवढा काय तो बाऊ, समिती काय कोट बघायला येणार आहे? झाडं तर विरळणीचीच जास्त जाड दिसतात ना? आणि पोरगी राहते ना इथं?

हे ऐकून फूटपट्टीला रडू आलं, कारण हेच सगळं तिच्या मनात दोन मिनिटांपूर्वी येऊन गेलं होतं. कुणालाही कळलं नसतं. टेकडी उभी राहिली असती. ती राहिली असती.

"नाही," शिडी म्हणाला. तो ताईशी बोलत होता, पण बघत होता तिच्याकडे. "जंगल वर्षाला जेवढं वाढतं, तेवढंच काढायचं, असा हिशेब असतो. ही सांगणार की खूप वाढतंय. मग वरून मला हुकूम येणार, खूप काढ. दरवर्षी खूप. मी ठिपके देत जाणार, आणि मी म्हातारा होईपर्यंत टेकडीवर काही उरणार नाही. त्यापेक्षा साफतोड बरी, निदान ती तोंडावर सांगून येते." मग आवाज खाली आला. "तू सांग त्यांना. चूक माझी आहे, माझं नाव घालून सांग. तू... तू गेलीस तर मला कसं वाटेल, ते यात धरू नकोस."

एवढं बोलून तो ताटावरून उठला आणि गेला. ती खोलीत आली, सरांना काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत पडली, आणि मधूनमधून त्याचं शेवटचं वाक्य तिच्या कानाशी येऊन बसायचं. 'मला कसं वाटेल.' आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी असं बोललं, आणि बोललं तेही यात धरू नकोस म्हणून. राग येऊन तिनं उशीला एक गुद्दा मारला.

सकाळी तिनं खिडकी उघडली. वाफ्यांच्या मधोमध बुजगावणं उघडंवाघडं उभं होतं, नुसत्या दोन आडव्या-उभ्या काठ्या. एक चिमणी त्याच्यावर निवांत बसली होती.

ती जिन्यावरून धावतच खाली आली. दारात शिडी उभा होता. अंगात तो कोट. एका खांद्यावर पाखरांनी पाच वर्षांचा राग काढलेला, बाहीतून गवत बाहेर आलेलं, आणि गळ्यापासून खालपर्यंत सगळी बटणं लावलेली.

"एकही तुटलेलं नाही," तो म्हणाला. "ताईची शिवण आहे."

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तेव्हा जिथं टेप लावला, तिथंच आता पुन्हा लावायचा. कोट तोच, माणूस तोच.

"बूट?" तिनं विचारलं.

"बूट तेच. पायही तेच."

"चल मग."

त्यानंतरचे दिवस त्यांनी दोन्ही तुकड्यांतलं एकेक झाड पुन्हा घेतलं. तो बुंध्याला खेटून ताठ उभा राहायचा, ती टाचा उंचावून वरून दुसऱ्या बटणाशी खडूची रेघ मारायची, मग तो बाजूला होऊन टेप फिरवायचा. कोटाला मातीचा, जुन्या पावसाचा आणि बुजगावण्याचा वास होता. एरवी ती नाक मुरडून मागे सरली असती. आता ती रेघ मारायला इतकी जवळ जायची की बटणावरचा दोऱ्याचा प्रत्येक टाका तिला पाठ झाला. एकदा खडू मारता मारता तिच्या लक्षात आलं की कोटाच्या आत काहीतरी फार जोरात धडधडतंय.

"श्वास रोखू नकोस, उंची बदलते," ती म्हणाली.

"मग तू जरा लांब उभी राहा."

ती लांब उभी राहिली नाही.

खरे आकडे आले. न शिवलेला तुकडा जिथल्या तिथं, जेमतेम बोटभर इकडे तिकडे. आणि विरळणीचा? तो फुगला नव्हता, पण वाढला होता. भपका नाही, पण घरचं खाऊन बाळसं धरावं तसं, झाडामागून झाड. तिनं दोनदा ताडून पाहिलं. मग मटकन खाली बसली आणि हसायला लागली.

महिनाअखेरीला समिती आली. सरांना तिनं आधीच फोनवर सगळं सांगितलं होतं, त्यावर ते नुसतं 'हं' म्हणाले होते. समितीत तीन माणसं होती, सोबत सरही आले होते. त्यातल्या मुख्य बाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. तिनं ओढा सांगितला, काठी सांगितली, बटण सांगितलं. आधीचे चमकदार आकडे दाखवले आणि हे खोटे आहेत असं स्पष्ट म्हणाली. मग शिडी पुढे आला, कोट घालून, आणि एका झाडाला पाठ लावून उभा राहिला. बाईंनी स्वतः काठी घेऊन दोन्ही बटणांची उंची पाहिली. पाहता पाहता त्यांच्या आठ्या सुटल्या, ओठ हलायला लागले, आणि शेवटी त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "छान आकडे मी पुष्कळ पाहिलेत. ते खोटे आहेत असं सांगायला कुणी कोट घालून उभं राहिलेलं पाहिलं नाही." टेकडी राहील, विरळणी चालू ठेवा, पण बेतानं. मोजणी दरवर्षी करा. आणि प्रत्येक झाडाला योग्य उंचीवर कायमचा पट्टा रंगवा, म्हणजे पुढे कुणाच्या शिंकेवर जंगल अवलंबून राहायला नको. जाता जाता त्यांनी विचारलं की दरवर्षी मोजायला इथं राहणार कोण.

"मी," ती म्हणाली. इतक्या पटकन, की सरही 'हं' म्हणायला विसरले.

गाड्या गेल्या. ती दोघं पट्टे रंगवायला विरळणीच्या तुकड्यात आली. वर मोकळ्या झालेल्या जागेतून ऊन थेट खाली येत होतं. त्यानं पट्ट्यांसाठी पांढरा आणि नेहमीचा लाल असे दोन डबे उघडून ठेवले, पांढऱ्यात कुंचला बुडवला, आणि तसाच हातात धरून राहिला.

"नोकरीसाठी राहतेयस?" त्यानं विचारलं. "म्हणजे... तसं असलं तरी काही वाईट नाही."

ती उत्तर शोधत बसली नाही. पहिल्या दिवशी जेवताना सुचलेलं उत्तर तिच्याकडे तयारच होतं. तिनं लाल डब्यात बोट बुडवलं आणि कोटाच्या वरून तिसऱ्या बटणावर, म्हणजे जे मुळात दुसरं होतं त्याच्यावर, लाल ठिपका दिला.

त्यानं मान वाकवून ठिपका पाहिला. "लाल निशाण म्हणजे काय, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"घेऊन कुठं जाणार?"

"कुठंच नाही," ती म्हणाली. "घ्यायचं आणि इथंच राहायचं. मला आवडतोस तू. हे तू त्या दिवशी ताटावरून उठून गेला नसतास, तर तेव्हाच सांगितलं असतं."

त्याच्या हातातला कुंचला गवतावर पडला. मग ती एक पाऊल पुढे झाली आणि कपाळ त्याच्या छातीशी टेकवलं. ते बरोबर त्या ओल्या बटणाशी आलं, काठीच्या उंचीला, वीत नाही की बोट नाही.

"रंग लागेल तुला," तो अडखळत म्हणाला.

"लागू दे."

खालून ताईच्या हाका येत होत्या, की चिमण्यांनी अख्खा वाफा खाल्ला, आता तरी तो कोट आणून द्या. शिडीनं एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि टेकडीखाली ओरडून सांगितलं की कोट मिळणार नाही, दुसरा काहीतरी शिवून घे.